वकिलाची मोहीम: जनरल बटलरच्या वाटेने

बॉस्टनच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटरवर मेरिमॅक नदी पॉटकेटच्या धबधब्यापाशी सुमारे दहा मीटर खाली उतरते. त्या उतारावर लोवेल हे गाव वसले. नदीचे पाणी वळवून काढलेले जवळजवळ नऊ किलोमीटर लांबीचे कालवे गावभर फिरतात आणि त्यांच्या काठाने लाल विटांच्या उंच कापडगिरण्या उभ्या आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका सेनापतीच्या मागावर निघालेल्या माणसाला पहिला मुक्काम किल्ल्यात किंवा रणांगणावर न घडता गिरणीत घडतो, हेच या वाटेवरचे पहिले आश्चर्य. बूट मिल्समध्ये जुने माग आजही चालवून दाखवतात. पट्ट्यांवर फिरणाऱ्या त्या मागांचा आवाज एवढा असतो की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. १८२८ मध्ये शार्लट बटलर नावाची एक विधवा या गावात आली आणि गिरणीतल्या मुलींसाठी निवासी खाणावळ चालवू लागली. तिचा मुलगा बेंजामिन तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात जायची त्याची इच्छा होती, पण तिथे त्याला जागा मिळाली नाही. १८४० मध्ये तो वकील झाला आणि बारा-तेरा तास राबणाऱ्या गिरणीकामगारांसाठी दहा तासांचा दिवस मागणारा पुढारी म्हणून नावारूपाला आला. पुढे तो मेजर जनरल झाला, काँग्रेसचा सदस्य झाला, मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. शत्रूने त्याला ‘बीस्ट’, म्हणजे पशू, ठरवले आणि लष्करी इतिहासकारांनी नालायक सेनापतींच्या यादीत बसवले.

या यादीबद्दलच माझे म्हणणे आहे. लिंकनने ज्या राजकारण्यांना सेनापती केले त्यांचे मोजमाप सहसा लढायांवर होते, आणि त्या मापाने बेंजामिन बटलर खरोखरच अपयशी ठरतो; त्याची एकही मोठी लढाई अभिमानाने सांगावी अशी नाही. परंतु १८६१ ते १८६५ चे युद्ध केवळ लढायांचे नव्हते. गुलाम माणूस कायद्याच्या दृष्टीने कोण, जिंकलेल्या शहराचे पोट कसे भरायचे, काळ्या माणसाच्या हाती बंदूक द्यायची की नाही, हे प्रश्न छावणीच्या दाराशी येऊन उभे होते आणि वेस्ट पॉइंटच्या अभ्यासक्रमात त्यांची उत्तरे नव्हती. बटलरच्या वाटेने लोवेलपासून कॅरोलायनाच्या किनाऱ्यापर्यंत जाताना जे दिसते ते असे, की त्याने केलेली सर्वांत परिणामकारक कामे त्याच्यातल्या वकिलाने आणि राजकारण्याने केली आणि ती त्या वेळी एखाद्या सरधोपट लष्करी अधिकाऱ्याच्या हातून होण्याचा संभव फार कमी होता.

लोवेलमध्येच आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. या गिरण्यांचा कापूस मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना इथल्या मळ्यांतून यायचा आणि तो गुलामांनी वेचलेला असायचा. इथे विणलेले जाडेभरडे कापड उलट दक्षिणेत जाऊन त्याच गुलामांच्या अंगावर चढायचे. मळ्यांवर त्या कापडाला ‘लोवेल’ असेच म्हणत. त्यामुळे गिरणीच्या मालकांना आणि त्यांच्या शहराला गुलामगिरीशी भांडण नको होते. बटलर मालकांचा विरोधक असला, तरी तो डेमोक्रॅटिक पक्षाचा होता आणि दक्षिणेशी तडजोड हेच त्या पक्षाचे धोरण होते. १८६० मध्ये चार्ल्सटनच्या अधिवेशनात अध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना मतदानाच्या सत्तावन्न फेऱ्या झाल्या. त्यात बटलर पुन्हा पुन्हा ज्याला मत देत राहिला तो माणूस म्हणजे जेफर्सन डेव्हिस, वर्षभरातच बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष होणारा. गुलामांचा कैवारी म्हणून त्याची आठवण काढताना हे विसरून चालत नाही.

अशा माणसाला लिंकनने एवढे मोठे पद का द्यावे? लोवेलच्या नगरभवनासमोरचा स्मारकस्तंभ त्याचे अर्धे उत्तर देतो. १९ एप्रिल १८६१ ला वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी निघालेल्या मॅसॅच्युसेट्सच्या सहाव्या पलटणीवर बाल्टिमोरच्या रस्त्यांत जमावाने हल्ला केला. त्यात मेलेले लूथर लॅड आणि ॲडिसन व्हिटनी हे दोन गिरणीकामगार या स्तंभाखाली पुरलेले आहेत. अशी साधी माणसे युद्धात उतरली नसती तर युद्ध चाललेच नसते. संघराज्याचे कायमचे सैन्य तेव्हा सोळा हजारांच्या आसपास होते. युद्ध संपेपर्यंत वीस लाखांहून अधिक माणसे उत्तरेच्या बाजूने भरती झाली. एवढ्यांना पुरतील इतके शिकलेले अधिकारी देशात नव्हतेच. शिवाय लिंकन निवडून आला होता चाळीस टक्क्यांच्याही आत मते घेऊन. विरोधी पक्षाच्या मतदारांना हे युद्ध आपले वाटायला हवे असेल तर त्यांचे पुढारी घोड्यावर बसलेले दिसणे आवश्यक होते. बटलर मॅसॅच्युसेट्सच्या नागरी सेनेत आधीपासून ब्रिगेडियर होता, म्हणजे अगदीच कोरा नव्हता. पण १६ मे १८६१ ला त्याला मेजर जनरल केले ते या राजकीय हिशोबाने. हा हिशोब लष्करी दृष्टीने अडाणी वाटेल, लोकशाहीत मात्र तो टाळता येत नव्हता.

बाल्टिमोरचा रस्ता बंद झाल्यावर बटलरने आठवी पलटण चेसापीकच्या उपसागरातून बोटीने मेरिलँडच्या ॲनापोलिसला उतरवली. आज ते शिडाच्या होड्यांचे, नौदलाच्या विद्यालयाचे टुमदार गाव आहे. तेव्हा रूळ उखडलेले आणि इंजिन मोडून टाकलेले होते. पलटणीतल्या कारागिरांनीच ते दुरुस्त केले आणि राजधानीचा रस्ता मोकळा झाला. याच ॲनापोलिसला बटलरने मेरिलँडच्या गव्हर्नरला आणखी एक आश्वासन दिले: गुलामांनी उठाव केलाच, तर तो मोडायला माझे सैनिक तुमच्या मदतीला येतील. हे एप्रिलच्या अखेरीचे. पुढच्या महिन्यात याच माणसाच्या हातून जे घडले ते समजायला व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर जायला हवे.

जेम्स नदी चेसापीकला मिळते तिथल्या जमिनीच्या टोकावर फोर्ट मन्रो आहे. १८१९ ते १८३४ या काळात बांधलेला, सभोवार पाण्याचा रुंद खंदक असलेला हा अमेरिकेतला सर्वांत मोठा दगडी किल्ला. पुढे दक्षिणेचा सेनापती झालेला रॉबर्ट ली तरुणपणी इथे अभियंता म्हणून काम करत होता. महाराष्ट्रातले डोंगरी किल्ले पाहिलेल्या डोळ्यांना तो बुटका आणि सपाट वाटतो. त्याची ताकद उंचीत नसून समुद्राच्या मुखावर पहारा ठेवण्यात होती. ऑगस्ट १६१९ मध्ये इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत आणलेले पहिले आफ्रिकी बंदिवान ज्या भूमीवर उतरवले गेले, ती हीच जागा. व्हर्जिनिया फुटून निघाले तरी हा किल्ला संघराज्याच्याच ताब्यात राहिला आणि २२ मे १८६१ ला बटलर त्याचा प्रमुख म्हणून दाखल झाला. दुसऱ्या दिवशी रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम समोरच्या काठावरून होडीने आले आणि त्यांनी आसरा मागितला. त्यांचा मालक कर्नल चार्ल्स मॅलरी बंडखोरांच्या सैन्यात होता. त्याने त्यांना तोफांचे मोर्चे बांधायला जुंपले होते आणि आता दूर कॅरोलायनात, बायकामुलांपासून तोडून पाठवायचा त्याचा बेत होता.

त्याच्या पुढल्या दिवशी मालकाच्या वतीने एक मेजर पांढरे निशाण घेऊन आला. पळून आलेले गुलाम परत करावेत, असा १८५० चा कायदा सांगत होता आणि बटलर कायद्याचा माणूस होता. त्याने कायद्यानेच उत्तर दिले. व्हर्जिनिया आता स्वतःला परका देश म्हणवते; परक्या देशाच्या नागरिकांसाठी अमेरिकेचा कायदा राबवायला मी बांधील नाही. कर्नल मॅलरीने संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि आपली माणसे घेऊन जावे. नाही तर, शत्रू ज्यांच्याकडून मोर्चे बांधून घेतो ती त्याची युद्धसामग्रीच, आणि शत्रूची युद्धसामग्री जप्त करण्याचा हक्क युद्धाच्या नियमांनी मला दिला आहे. ‘कॉन्ट्राबँड’, म्हणजे युद्धातला निषिद्ध माल, हा शब्द तिथून देशभर गेला आणि पळून आलेल्या माणसांना त्याच नावाने ओळखू लागले. बातमी वाऱ्यासारखी पसरली. जुलैच्या अखेरीस नऊशेच्या आसपास स्त्री-पुरुष-मुले किल्ल्याच्या आश्रयाला होती. ६ ऑगस्टला काँग्रेसने बंडाच्या कामी लावलेले गुलाम मालकाकडून काढून घेणारा पहिला कायदा केला. त्यामागे मन्रोतल्या या निर्णयाची स्पष्ट छाया आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की बटलरने माणसांना माणूस न मानता माल मानले. मुक्तीची भाषा न बोलता जप्तीची बोलला. हे खरे आहे. पण त्या क्षणी मुक्तीची भाषा बोलणाऱ्या सेनापतींचे काय झाले तेही पाहायला हवे. मिझूरीत जॉन फ्रेमाँटने ऑगस्ट १८६१ मध्ये बंडखोरांचे गुलाम मुक्त झाल्याची घोषणा केली आणि लिंकनने ती फिरवली, कारण केंटकीसारखी गुलाम बाळगणारी पण संघात राहिलेली राज्ये हातची गेली असती. बटलरने मालकाच्या मालमत्ताहक्काचेच हत्यार मालकावर उलटवले, म्हणून ते टिकले. शिवाय तो तिथेच थांबला नाही. ३० जुलैला युद्धमंत्र्याला लिहिलेल्या पत्रात त्याने विचारले की मोर्चे बांधणारे पुरुष युद्धसामग्री ठरले, पण त्यांच्यासोबत आलेल्या बायका, लेकरे, म्हातारी माणसे यांचे काय? मालक टाकून पळाला असेल तर ही माणसे कुणाची मालमत्ता उरतातच कशी? मालमत्तेच्या तर्काने सुरुवात करून दोन महिन्यांत तो तर्कच मोडायला निघालेला हा माणूस आहे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: मुक्ती बटलरने दिली नाही, त्या तिघांनी रात्री होडी लोटून ती घेतली. याला उत्तर नाही, आणि ते शोधूही नये. फक्त एवढे सांगता येईल की असेच धाडस करून आलेल्या इतरांना उत्तरेच्या इतर अधिकाऱ्यांनी परत पाठवले होते. वेस्ट पॉइंटमध्ये शिकलेल्या, युद्धशास्त्रावर पुस्तक लिहिलेल्या हेन्री हॅलेकने तर नोव्हेंबर १८६१ मध्ये पळून आलेल्यांना छावणीत घेऊच नका, असा हुकूम काढला. दार ठोठावणारे सगळीकडे होते. ते उघडण्याची युक्ती या दारावरच्या माणसाला सुचली.

किल्ल्यापासून काही किलोमीटरवर हॅम्प्टन गाव आहे. उत्तरेच्या सैन्याला आणि या पळून आलेल्यांना आसरा मिळू नये म्हणून बंडखोर सैन्याने ऑगस्ट १८६१ मध्ये ते स्वतःच जाळले. जळक्या विटा-चिमण्यांच्या आधाराने मुक्त झालेल्यांनी तिथे आपली वस्ती उभारली. आज हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात एक अवाढव्य ओक आहे, आडव्या पसरलेल्या फांद्यांचा. त्याच्या सावलीत मेरी पीक या स्वतंत्र काळ्या शिक्षिकेने त्या मुलांना अक्षरे शिकवली, आणि तीही अशा राज्यात जिथे गुलामांना वाचायला शिकवणे गुन्हा होता. त्याच परिसरात १८६८ मध्ये निघालेल्या संस्थेत पुढे बुकर टी. वॉशिंग्टन शिकला. मराठी वाचकाला इथे जोतीराव फुल्यांची आठवण येणे अटळ आहे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतल्या सत्पुरुषांना, नीग्रो दास्यविमोचनातल्या त्यांच्या निःस्वार्थ त्यागासाठी, वाहिली आहे. पुण्यातून पाहणाऱ्या फुल्यांना जे दिसले ते खोटे नव्हते. तशी निःस्वार्थ माणसे होती आणि मेरी पीक त्यांतलीच एक. फोर्ट मन्रो त्याला जोड देतो ती अशी, की दास्य मोडण्याच्या कामात स्वार्थ, डावपेच आणि कायद्याची कसरत यांचाही वाटा होता आणि सर्वांत मोठा वाटा खुद्द गुलामांच्या हिमतीचा होता.

न्यू ऑर्लिन्सला बटलरची बदनामी आजही जिवंत आहे. एप्रिल १८६२ च्या शेवटच्या आठवड्यात नौदलाचा फॅरागट मिसिसिपीवरच्या किल्ल्यांना चुकवून वर आला आणि १ मेला बटलरच्या पलटणी शहरात उतरल्या. दीड लाखावर वस्तीचे हे बंडखोरांचे सर्वांत मोठे शहर, आणि युद्धापूर्वी जगातले कापूस निर्यातीचे एक अव्वल बंदर. नाकेबंदीने इथला कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, प्रेमचंद रायचंदांच्या काळातली ती सट्टेबाजी फोफावली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईचा बाजार कोसळला. मिसिसिपीच्या धक्क्यावर उभे राहून पाहिले की आपल्या राजाबाई टॉवरचा पैसा कुठल्या दुर्दैवातून आला, ते कळते. त्या धक्क्यावर १८६२ च्या मेमध्ये मात्र माल नव्हता, रोजगार नव्हता आणि गरिबांच्या घरात पीठ नव्हते.

कॅनॉल स्ट्रीटवरची ग्रॅनाइटची भली मोठी कस्टम हाउसची इमारत बटलरच्या कारभाराचे ठाणे होती. शहराच्या बंडखोरी संरक्षणनिधीला ज्या व्यापाऱ्यांनी साडेबारा लाख डॉलर दिले होते आणि ज्या कापूस-दलालांनी मळेवाल्यांना शहरात माल आणू नका असे सांगितले होते, त्यांच्यावर त्याने ऑगस्टमध्ये खास कर बसवला. त्या पैशांतून हजारो उपाशी कुटुंबांना धान्य आणि बेकारांना गटारे, कालवे, बाजार साफ करण्याचे काम दिले. लोवेलमध्ये मालकांशी भांडलेला पुढारी इथे स्पष्ट ओळखू येतो. पिवळ्या तापाने १८५३ मध्ये या शहरात सुमारे आठ हजार माणसे मेली होती आणि उत्तरेचे सैन्य त्याच तापाने निम्मे होईल, अशी शहरातल्या अनेकांना आशा होती. बटलरने नदीच्या मुखाशी कडक विलगीकरण लावले. त्या उन्हाळ्यात ताप शहरात शिरलाच नाही म्हटले तरी चालेल. त्याचे टीकाकार म्हणतात की नाकेबंदीमुळे जहाजेच कमी आली, त्याला तो काय करणार? काही अंशी ते बरोबर आहे. डासामुळे हा ताप पसरतो हे कळायला १९०० साल उजाडावे लागले, तेव्हा बटलरला रोगाचे खरे कारण माहीत नव्हते. पण बाहेरची जहाजे अडवणे आणि साचलेले पाणी काढणे या दोन्ही गोष्टी नेमक्या योग्य होत्या.

शहराला त्याची आठवण आहे ती निराळ्या कारणांनी. संघाचा झेंडा फाडणाऱ्या विल्यम ममफर्डला त्याने ७ जूनला टांकसाळीसमोर फाशी दिले. ती टांकसाळीची इमारत आज जॅझ संगीताचे संग्रहालय आहे. सैनिकांच्या तोंडावर थुंकणाऱ्या, अपमान करणाऱ्या प्रतिष्ठित स्त्रियांना वेश्येसारखे वागवले जाईल, असा हुकूम त्याने मेमध्ये काढला. ब्रिटिश पंतप्रधान पामरस्टनने त्याचा पार्लमेंटमध्ये धिक्कार केला आणि जेफर्सन डेव्हिसने वर्षअखेरीस बटलरला पकडताच फासावर द्या असे फर्मान काढले. तो हुकूम समर्थनीय नाही. कुणाही स्त्रीवर त्यातून हात टाकला गेल्याचे दिसत नसले, तरी स्त्रीच्या अब्रूची धमकी देऊन शांतता विकत घेणे हे राज्यकर्त्याला शोभणारे नव्हे. आणि पैशांचे प्रकरण त्याहून वाईट: त्याच्या भावाने, अँड्रू बटलरने, लष्करी सत्तेच्या छायेत कापूस, साखर, मीठ यांच्या व्यापारात प्रचंड कमाई केली. बेंजामिनवर काही सिद्ध झाले नाही. तरीही ज्याच्या सहीने व्यापाराचे परवाने निघतात त्याचा भाऊ श्रीमंत होतो, तेव्हा सहीवाल्याला अजाण मानता येत नाही. राजकारणी सेनापतीबरोबर राजकारणाची घाणही छावणीत येते, हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो.

तरी त्याच शहरात २७ सप्टेंबर १८६२ ला जे घडले ते या हिशोबात दुसऱ्या पारड्यात घालायला हवे. त्या दिवशी लुइझियाना नेटिव्ह गार्डची पहिली पलटण संघराज्याच्या सैन्यात रीतसर दाखल झाली. तिचे शिपाई काळे होते आणि कंपन्यांचे अधिकारीही काळे होते. असे त्या सैन्यात पूर्वी झाले नव्हते. यातही बटलर सरळ चाललेला नाही. काही आठवड्यांपूर्वी त्याचाच एक सेनाधिकारी, व्हरमाँटचा जॉन फेल्प्स, पळून आलेल्या गुलामांना शस्त्रे देऊ पाहत होता आणि बटलरने त्याला अडवले. फेल्प्सने राजीनामा दिला. मग शत्रू अंगावर येऊ लागला, वॉशिंग्टनहून कुमक मिळेना, तेव्हा बटलरने शहरातल्या स्वतंत्र काळ्या नागरिकांच्या जुन्या पलटणीला हाक घातली. गरज होती म्हणूनच ना, असे कुणी म्हणेल. हो, गरज होती. पण त्याच्या जागी डिसेंबरमध्ये आलेला नॅथॅनियल बँक्स, तोही राजकारणीच, काँग्रेसचा माजी सभापती, त्यालाही सैनिकांची गरज होती आणि त्याने या पलटणींतले काळे अधिकारी एकामागून एक काढून टाकले. जॅक्सन चौकातल्या घोडेस्वार पुतळ्याच्या चौथऱ्यावर संघराज्य टिकलेच पाहिजे अशा अर्थाचे वाक्य कोरलेले दिसते. बटलरने १८६२ मध्ये ते मुद्दाम कोरवले. शहराने २०१७ मध्ये ली, डेव्हिस आणि बंडखोर सेनापती बोरगार्ड यांचे पुतळे हलवले, ते वाक्य मात्र आहे तिथे आहे.

व्हर्जिनियात परतल्यावर वाट उताराला लागते. बंडखोरांच्या राजधानीच्या, म्हणजे रिचमंडच्या, दक्षिणेला जेम्स आणि ॲपोमॅटॉक्स नद्यांच्या बेचक्यात बर्म्युडा हंड्रेड म्हणून जुनी वसाहत आहे. ५ मे १८६४ ला तीस हजारांवर सैन्य घेऊन बटलर इथे उतरला तेव्हा पीटर्सबर्गचे महत्त्वाचे रेल्वे-जंक्शन काही तासांच्या चालीवर होते आणि तिथे शत्रू थोडा होता. बटलर रेंगाळला. १६ मेला दाट धुक्यात बोरगार्डने ड्रूरीज ब्लफपाशी त्याला मागे रेटले आणि नद्यांच्या बेचक्याच्या तोंडावर खंदक खणून त्याला आत कोंडले. बाटलीत घालून बूच मारावे तसा, असे वर्णन उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याच्या अहवालातून प्रसिद्ध झाले. आज त्या झाडीत मातीचे उंचवटे शिल्लक आहेत आणि जागा इतकी अरुंद आहे की चूक डोळ्यांनी दिसते. त्याच्या हाताखालचे दोन्ही कोअर कमांडर वेस्ट पॉइंटचे होते आणि त्यांनीही कच खाल्ली, अशी बाजू मांडली जाते. मला ती पटत नाही. हाताखालच्यांना चालवणे हेच सेनापतीचे काम, आणि न्यायालयात समोरच्या वकिलाला तारीख मिळते तशी शत्रूला वेळ दिली की तो खंदक खणतो.

नदीच्या पलीकडे, रिचमंडच्या आग्नेयेला न्यू मार्केट हाइट्सची टेकडी आहे. २९ सप्टेंबर १८६४ च्या पहाटे बटलरने काळ्या पलटणींना तिच्यावर सोडले. मध्येच थांबून कुणी गोळी झाडू नये म्हणून त्यांच्या बंदुकांच्या टोप्या काढायला लावल्या होत्या; ओढा आणि तोडलेल्या झाडांचे अडसर पार करून संगिनीनेच माथा घ्यायचा होता. माणसे भराभर पडली, गोरे अधिकारी पडले तिथे काळ्या सार्जंटांनी तुकड्या पुढे नेल्या, आणि टेकडी सर झाली. या एका चढाईसाठी चौदा काळ्या सैनिकांना मेडल ऑफ ऑनर मिळाले. इथे सर्वांत कठीण आक्षेप उभा राहतो: बटलरने एक मुद्दा सिद्ध करण्यासाठी शेकडो माणसांचे प्राण खर्ची घातले का? काळे सैनिक लढतात हे जगाला दाखवायचेच होते, असे तोही लपवत नाही, आणि टेकडीची लष्करी निकड किती होती यावर मतभेद आहेत. माझे मत असे की या प्रश्नातून त्याची सुटका नाही. पण मेलेल्यांचे ऋण तो विसरला नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्याने स्वखर्चाने या सैनिकांसाठी खास पदक पाडून घेतले. ऑक्टोबरमध्ये शत्रूने पकडलेल्या काळ्या सैनिकांना तोफांच्या माऱ्यात खंदक खणायला लावले, तेव्हा बटलरने तेवढेच बंडखोर कैदी डच गॅपच्या कालव्यावर माऱ्याखाली कामाला लावले. शत्रूने काळ्या कैद्यांना मागे घेतले. लष्करी दृष्ट्या तो कालवा वेळेवर पुरा झाला नाही आणि उपयोगीही पडला नाही. युद्धानंतर तो पुरा झाला आणि आज जेम्स नदीतली जहाजे त्याच वाटेने जातात.

शेवटची फजिती उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, फोर्ट फिशरला. वाळू आणि मातीचा हा अजस्र बंधारा विल्मिंग्टन बंदर राखत होता. दारूने भरलेले जहाज तटाजवळ उडवून किल्ला हादरवायचा ही कल्पना बटलरने उचलून धरली. डिसेंबर १८६४ मध्ये दोनशे टनांहून अधिक दारू उडाली आणि तटाला काही झाले नाही. नाताळच्या दिवशी सैन्य उतरले आणि किल्ला अभेद्य आहे असे ठरवून त्याच दिवशी बटलरने माघारीचा हुकूम दिला. ग्रँटने त्याला घरी पाठवले. जानेवारीत काँग्रेसच्या समितीपुढे तो किल्ला घेणे कसे अशक्य होते हे पटवत असतानाच किल्ला पडल्याची बातमी वॉशिंग्टनला पोचली. आता तटाचा बराच भाग समुद्राने गिळला आहे. उरलेल्या गवताळ उंचवट्यांमधून फिरताना लाटा अगदी जवळ ऐकू येतात. इथे एक तपशील फार बोलका आहे. १५ जानेवारी १८६५ ला किल्ला जिंकणारा आल्फ्रेड टेरी हाही वेस्ट पॉइंटचा नव्हता. कनेटिकटमधल्या न्यू हेवनच्या न्यायालयात तो कारकुनी करत असे. म्हणजे बटलर रणांगणावर पडला तो वकील होता म्हणून नव्हे. लढाईचा अंदाज येणे हा वेगळा गुण आहे. टेरीकडे तो होता, बटलरकडे नव्हता, आणि तो बर्नसाइडकडेही नव्हता. वेस्ट पॉइंटच्या त्या पदवीधराने फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून बारा हजारांहून अधिक सैनिक गमावले.

वॉशिंग्टनमध्ये युद्धानंतरचा बटलर भेटतो आणि तो रिपब्लिकन झालेला असतो. १८६८ मध्ये अध्यक्ष अँड्रू जॉन्सनवरच्या महाभियोगात आरंभीचे भाषण त्याने केले. खटला एका मताने हुकला. १८७१ मध्ये कू क्लक्स क्लॅनला आवरणाऱ्या कायद्याचा पहिला मसुदा त्याचा. १८७४ मध्ये सराया, आगगाड्या, नाट्यगृहे सर्वांना खुली करणाऱ्या विधेयकावर बोलताना त्याने न्यू मार्केट हाइट्सवर पडलेले काळे चेहरे आठवले आणि त्यांच्या लोकांचे हक्क राखण्याची आपण तिथे शपथ घेतली होती, असे सभागृहाला सांगितले. १८६० मध्ये जेफर्सन डेव्हिसला मत देणारा माणूस चौदा वर्षांत इथवर आला. हा बदल संधिसाधूपणा होता, असे त्याच्या काळीही म्हणत. पण १८७४ मध्ये उत्तरेतले लोक या प्रश्नाला कंटाळले होते, त्याच वर्षी बटलर निवडणूक हरला, तरी जागा सोडण्याआधी १८७५ मध्ये विधेयक मंजूर करून घ्यायला तो झटत राहिला. संधिसाधू माणूस वारा फिरल्यावर असे करत नाही.

बॉस्टनला राज्याच्या विधिमंडळासमोर एका सेनापतीचा घोड्यावरचा भव्य पुतळा आहे. तो जोसेफ हूकरचा, जो १८६३ मध्ये चान्सलर्सव्हिलला लीपेक्षा दुपटीहून जास्त सैन्य असताना हरला. त्याच इमारतीत १८८३ चे एक वर्ष बटलर गव्हर्नर म्हणून बसला. सरकारी दरिद्राश्रमातल्या मेलेल्या गरिबांची शरीरे वैद्यकीय महाविद्यालयांना पुरवली जातात, असा आरोप त्याने उघडपणे चौकशीला घातला. जॉर्ज रफिन या काळ्या वकिलाला त्याने न्यायाधीश नेमले; मॅसॅच्युसेट्समधला तो पहिला काळा न्यायाधीश. स्त्रियांच्या तुरुंगावर क्लारा बार्टनची नेमणूकही त्याचीच. गव्हर्नरला मानद पदवी देण्याची प्रथा हार्वर्डने त्याच्यापुरती मोडली. हूकरला पुतळा आणि बटलरला शिव्या, हा न्याय लढायांच्या मापानेही जमत नाही. सेनापती म्हणून बटलर सामान्य होता, पैशांच्या बाबतीत संशयास्पद होता, आणि तरीही फोर्ट मन्रोतल्या त्या एका युक्तिवादाने त्याने युद्धाची दिशा वळवली, हा माझा निवाडा आहे. वॉशिंग्टन पाहायला जाणाऱ्या मराठी माणसांनी तिथून तीनशे किलोमीटरच्या आत असलेल्या या किल्ल्यासाठी आणि हॅम्प्टनच्या ओकसाठी एक दिवस जरूर काढावा. २०११ पासून तो किल्ला राष्ट्रीय स्मारक आहे आणि सर्वांना खुला आहे.